जुने बैठकीचे कापड: सोलापुरात शोधण्यापासून खुर्चीवर बसवण्यापर्यंत

सोलापुरात जुने कापड शोधायला लांब जावे लागत नाही. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या, पूर्व भागात घरोघरी माग चालले, आणि त्या मागांवरून उतरलेल्या चादरी, जाड पडदे, दिवाणाची आच्छादने व भिंतीवर लावायची विणलेली चित्रे आजही कित्येक घरांच्या ट्रंकेत, माळ्यावर किंवा गाद्यांच्या थरांमध्ये पडून आहेत. घर आवरताना ती बाहेर निघतात, दोन दिवस कौतुक होते आणि मग कोणीतरी ती वॉशिंग मशीनमध्ये टाकते. पन्नास-साठ वर्षे टिकलेले कापड एका धुण्यात फाटून बाहेर येते, ते बहुधा असे.

गेली काही वर्षे मी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरांसाठी अशी कापडे शोधण्याचे, सावरण्याचे आणि पुन्हा वापरात आणण्याचे काम करत आले आहे. हा लेख पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे, ते आधीच सांगते. कापड किती सुंदर आहे यावरून त्याची जागा ठरवू नका. त्यात किती जीव उरला आहे हे पाहून ठरवा. रोजच्या बसण्याउठण्याच्या खुर्चीवर जे कापड सहा महिनेही टिकणार नाही, तेच भिंतीवर पुढची अनेक वर्षे राहू शकते.

लागणारे साहित्य

बहुतेक साहित्य घरात असते, नसलेले बाजारात सहज मिळते: मऊ केसांचा रुंद ब्रश, कमी ओढीवर चालवता येणारा व्हॅक्यूम क्लीनर, नायलॉनच्या मच्छरदाणीचा मोठा तुकडा, पांढरे स्वच्छ सुती फडके, कापूस, रंग व सुगंध नसलेला सौम्य द्रवरूप साबण, उथळ पण रुंद टब, तीन-चार जाड टॉवेल, गंज न चढणाऱ्या टाचण्या, बारीक सुया, सुती दोरा, मांजरपाट, भिंग, मोजपट्टी आणि तोंडाला बांधायचा मास्क. मांजरपाट चाटी गल्लीत कोणत्याही कापडाच्या दुकानात मिळेल. तो घरी आणल्यावर गरम पाण्यात दोनदा धुऊन त्यातली खळ काढून टाका आणि मगच वापरा, कारण खळीमुळे कसर लागते आणि न धुतलेला मांजरपाट पुढे आटला की त्यावर शिवलेले जुने कापड चुण्या धरते.

एक वहीही हवी. कापड कोणाकडून मिळाले, कधीचे असावे, घरात कशासाठी वापरले जात होते, काठावर विणलेले नाव किंवा शिवलेली पट्टी आहे का, हे मिळाले त्याच दिवशी लिहून ठेवा. विकत घेतले असल्यास पावती त्याच पानाला जोडा. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा.

१. काय शोधायचे ते ठरवा

सोलापुरात सर्वांत जास्त सापडते ती जेकार्डची सुती चादर. जोसेफ मारी जॅकार याने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मदतीने प्रत्येक उभा धागा हवा तेव्हा उचलण्याची युक्ती मागाला जोडली. आपल्या चादरींवरचे मोर, फुले आणि देवळाचे काठ त्याच युक्तीतून उतरतात. घराच्या सजावटीसाठी या चादरीचा मोठा गुण असा, की बहुतेक चादरी दोन्ही बाजूंनी वापरता येतात आणि मागच्या बाजूला तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. वरची बाजू उन्हाने फिकी पडली असेल तर उलट बाजू पाहा. तिथे मूळ रंग बऱ्याचदा शाबूत असतो. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपण शोधत असलेल्या चादरी त्याच्या खूप आधीच्या आहेत, त्यामुळे त्यांच्यावर त्याची खूण मिळण्याची अपेक्षा धरू नका.

त्याशिवाय हातमागावर विणलेली भिंतीवरची चित्रे, कृत्रिम रेशमाची चमक असलेले सोफ्याचे जाड कापड, सुती मखमल, छापील पडदे, सतरंज्या आणि जाजमे मिळतात. नवख्या माणसाने सुरुवात सुती चादरीपासूनच करावी. ती दणकट असते, धुणे सोसते आणि हात बसेपर्यंत फारसे नुकसान होऊ देत नाही. मखमल आणि कृत्रिम रेशीम यांच्याकडे नंतर वळा.

२. शोध कुठे घ्यावा

सगळ्यांत आधी स्वतःच्या घरातला आणि नात्यातला माळा पाहा. गिरणीत किंवा मागावर नोकरी केलेल्या आजोबांच्या घरी गाद्यांच्या सर्वांत खालच्या थरात, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या अंथरुणांत आणि शिलाई मशीनवर झाकलेल्या कापडातही उत्तम नमुने निघतात. जुन्या खुर्च्यांवर नवे कापड चढवताना कित्येकदा खालचे काढलेलेच नसते, म्हणून वरचे रेक्झिन उचकटून आत डोकावून पाहणे नेहमी फायद्याचे ठरते.

त्यानंतर पूर्व भाग. अशोक चौक, दाजी पेठ, साखर पेठ, भद्रावती पेठ या भागांत विणकरांची जुनी वस्ती आहे. तिथे थेट ‘जुने कापड विकायचे आहे का’ असे विचारत फिरू नका. ओळखीच्या माणसाबरोबर जा, वयाने मोठ्या विणकराला मामा किंवा अण्णा म्हणून नमस्कार करा, हातातल्या तुकड्याविषयी माहिती विचारा आणि बोलणे त्यांना चालवू द्या. कोणत्या काळात कोणता रंग चालत होता, नक्षीचे पुठ्ठे कुठे तयार होत, एखादा नमुना हातमागाचा की यंत्रमागाचा, हे ज्या खात्रीने ते सांगतात ती खात्री दुसरीकडे मिळत नाही. तेलुगू बोलणाऱ्या घरात चार शब्द तेलुगूत बोलता आले तर गप्पा अधिक मोकळ्या होतात. विकायला म्हणून काही नसले तरी नमुन्याचे तुकडे, सदोष म्हणून बाजूला राहिलेली चादर किंवा जुळणाऱ्या रंगाच्या सुताची उरलेली कांडी अशा घरांतूनच मिळते, आणि दुरुस्तीच्या वेळी ती कांडी सोन्याच्या मोलाची असते.

भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणाऱ्या बोहारणीला सांगून ठेवा. जाड चादर किंवा पडदा आला की तो बाजूला ठेवण्याबद्दल तिला योग्य मोबदला द्या. जुन्या फर्निचरचे व्यापारी, गादीवाले आणि कुशनची कामे करणारे कारागीर यांच्याकडेही चौकशी करावी, कारण उतरवलेले कापड त्यांच्या दृष्टीने टाकाऊ असते आणि मागणी नोंदवली नाही तर ते त्याच दिवशी पुसायच्या चिंध्यांत जाते.

३. पैसे देण्यापूर्वी तपासणी

ही पायरी घाईत उरकू नका. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली कापड घेऊ नका. दारात, दिवसाच्या उजेडात आणून पूर्ण उलगडा.

कापड उजेडासमोर धरा. विरलेली जागा चाळणीसारखी दिसते. घडीच्या रेषा विशेष बारकाईने पाहा, कारण वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले कापड सर्वप्रथम तिथेच तुटते. मग काठाजवळची दोन बोटांची जागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलका ताण द्या. चांगले कापड ताण घेते आणि सोडल्यावर पूर्ववत होते. कुजलेले कापड कागदासारखा बारीक आवाज करते, आणि त्याची पूड बोटांना लागते. पूड लागली तर ते बसण्याच्या कामाचे नाही, नक्षी कितीही मोहक असली तरी.

वास घ्या. ओलसर मातीसारखा वास म्हणजे बुरशी. आंबूस वास म्हणजे धागा आतून खराब होऊ लागल्याची खूण. डांबरगोळ्यांचा तीव्र वास म्हणजे कापड बंद ठेवलेले होते, एवढेच, आणि तो सावलीत वाऱ्यावर काही दिवस ठेवल्यास बराच कमी होतो. खिळ्यांच्या भोकांभोवती तपकिरी कडे असेल तर लोखंडाचा गंज धाग्यात उतरलेला आहे. ते कडे सहसा जात नाही आणि कालांतराने तिथले कापड गळून पडते, तेव्हा तेवढी पट्टी वापराबाहेर धरूनच किंमत ठरवा.

फसवणुकीचे दोन प्रकार नेहमी दिसतात. एक, नवीन कापडाला चहाच्या पाण्यात बुडवून जुनेपणा आणलेला असतो. त्यात शिवणीच्या आतला दाब, म्हणजे आत दुमडलेली पट्टी, आणि दर्शनी भाग एकाच रंगाचे दिसतात. खऱ्या जुन्या कापडात दाबाच्या आतला रंग ताजा आणि बाहेरचा उतरलेला असतो. दुसरा, सोलापूरबाहेर विणलेली चादर ‘जुनी सोलापुरी’ म्हणून दाखवली जाते. विणीचा दाटपणा, दोन्ही बाजूंची नक्षी आणि हातातले वजन यांवरून फरक कळतो, पण तो सवयीने. सुरुवातीला जाणत्या विणकराला दाखवल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका.

वय शंभर वर्षांहून अधिक असण्याची शक्यता वाटली तर १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा लक्षात घ्या. ऐतिहासिक महत्त्वाची इतकी जुनी वस्तू परदेशात पाठवण्यावर बंदी आहे आणि तिच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो. अमेरिकेतल्या मुलाकडे पणजीचे कापड पार्सलने पाठवण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

४. धागा ओळखणे

धागा न ओळखता पाणी लावू नका. दाबातून उभा एक आणि आडवा एक असे दोन धागे काढा, कारण दोन्ही वेगळ्या जातीचे असू शकतात. स्टीलच्या वाटीवर चिमट्यात धरून प्रत्येक धागा जाळा. सूत भरभर जळते, जळलेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम आणि लोकर जळलेल्या केसांसारखा वास देतात. पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी बनतो. असा मणी मिळाला तर कापड सांगितले जाते तितके जुने असण्याची शक्यता कमी.

कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन, सुतासारखेच जळते, म्हणून इथे फसगत होते. त्याची काचेसारखी चमक हीच ओळख. हा धागा ओला झाला की जवळपास निम्मी ताकद गमावतो. चमकदार जुने सोफ्याचे कापड टबातून उचलताना मधोमध फाटते त्याचे कारण हेच आहे.

जरीचे काम असलेले कापड घरी धुऊच नका. लिंबू, चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावून जरीकाम उजळवण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नका. आम्ल जरीच्या मुलाम्याला आणि शेजारच्या धाग्याला दोन्हींना खाते.

५. घरात आणल्यावर पहिले काम

नवे आलेले कापड लगेच इतर कपड्यांत ठेवू नका. पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून वेगळे ठेवा आणि कसर, अंडी, जाळी किंवा वाळूसारखी विष्ठा दिसते का ते भिंगाने पाहा. कीड दिसली तर कापड गुंडाळून, पिशवीतली हवा काढून, घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर हवेतले पाणी थंड कापडावर उतरते. बुरशी असल्यास मास्क बांधून गच्चीवर न्या, सावलीत पूर्ण कोरडे करा आणि मगच ब्रश फिरवा. ओलसर बुरशीवर ब्रश फिरवणे म्हणजे ती धाग्यात घासणे.

६. कोरडी सफाई

सोलापूरची धूळ बारीक आणि कोरडी आहे, आणि ती धाग्यांच्या आत धारदार कणांसारखी घासत राहते. त्यामुळे धुण्याआधी ती निघालीच पाहिजे. पाणी लागले की तिचा चिखल होऊन खोल बसतो. कापड टेबलावर सपाट पसरा, वर मच्छरदाणीचा तुकडा ठेवा आणि व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी ओढीवर ठेवून जाळीवरून सावकाश फिरवा. जाळीमुळे सुटे धागे आत ओढले जात नाहीत. दोन्ही बाजूंनी करा. गच्चीवर काठीने झोडपणे किंवा दोघांनी धरून झटकणे पूर्ण टाळा.

पुष्कळ कापडांना एवढीच सफाई पुरते. भिंतीवर लावायचे चित्र केवळ धुळकट असेल, डाग किंवा वास नसेल, तर ते धुवायची गरज नाही, आणि गरज नसताना धुऊ नये असे माझे ठाम मत आहे.

७. रंगाची परीक्षा

प्रत्येक रंगाची वेगळी परीक्षा घ्या. न दिसणाऱ्या कोपऱ्यात कोमट पाण्याचे दोन थेंब टाका, वर पांढरा ओला कापूस ठेवून बोटाने दोन मिनिटे दाबा आणि पाहा. नंतर हेच साबणाच्या पाण्याने करा, कारण साध्या पाण्याला दाद न देणारा रंग साबणाला सुटू शकतो. लाल, गर्द किरमिजी, हिरवा आणि काळा या चार रंगांवर कधीही विसंबू नका.

कापसावर डाग उमटला तर तो रंग पाण्यात टिकणारा नाही असे समजून थांबा. मीठ, तुरटी किंवा व्हिनेगर घालून सुटणारा रंग पक्का होतो, हा समज घराघरांत आहे. पन्नास वर्षांपूर्वी रंगवलेल्या धाग्यावर त्याचा भरवशाचा उपयोग होत नाही. आणि पांढऱ्या मोरात लाल रंग शिरला की तो परत काढता येत नाही.

८. धुणे

शहराच्या बऱ्याच भागांत पाणी रोज येत नाही, आणि जुन्या चादरीला पाणी भरपूर लागते. म्हणून पाणी सोडण्याच्या दिवसाची वाट पाहा आणि सकाळीच सुरुवात करा. बोअरवेलचे पाणी जड असते. त्यातला चुना धाग्यात बसून कापड खरखरीत आणि निस्तेज होते. नळाच्या पाण्यात धुऊन शेवटचे एक पाणी आरओ यंत्राचे किंवा बाजारात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याचे द्यावे.

टबात आधी मच्छरदाणी अंथरा, तिची टोके बाहेर राहू द्या, आणि त्यावर कापड सपाट ठेवा. ओली झालेली जाड चादर कोरडीच्या दुप्पट-तिप्पट जड होते आणि तिचेच वजन तिला फाडते. म्हणून उचलताना कापडाला हात न लावता जाळी चारही टोकांनी उचलायची. याला दोन माणसे लागतात. प्रथम नुसत्या पाण्यात अर्धा तास भिजू द्या. पाणी चहासारखे तपकिरी होईल. त्याला घाबरू नका. तो रंग नसून जुन्या सुतात साठलेले आम्ल आणि मळ आहे, आणि तो निघाल्याने कापडाचे आयुष्य वाढते. पाणी बदला. पाणी स्वच्छ दिसू लागल्यावर दहा लिटर कोमट पाण्यात साबणाचे दोन चहाचे चमचे एवढे प्रमाण घ्या, आधी पाण्यात ढवळा आणि मग कापड घाला. तळहाताने किंवा मऊ स्पंजने वरून खाली दाबत राहा. चोळायचे नाही, घासायचे नाही, पिळायचे नाही. दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

साबण निघेपर्यंत पाणी बदलणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. राहिलेला साबण नंतर पिवळा पडतो आणि धूळ धरतो. पाण्यावर फेस येणे पूर्ण थांबल्यानंतरही आणखी एक पाणी द्या. रेशमी किंवा लोकरी कापडाला साबणाऐवजी रिठ्याचे गाळलेले पाणी चालते, मात्र रिठा किंचित तपकिरी छटा सोडतो, तेव्हा पांढऱ्या कापडासाठी ते नको.

डागांविषयी थोडक्यात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने दचकू नका. साबण निघून गेल्यावर पुन्हा पिवळा होतो आणि उजेडाने हळूहळू विरतो. तेलाच्या जुन्या डागावर उगाच जोर लावू नका. गंजाच्या डागावर ब्लीचिंग पावडर टाकली तर डाग अधिक गडद होतो आणि सूत कुजते. ब्लीच तर कोणत्याही जुन्या कापडाजवळ नेऊच नका. थोडा डाग राहिला तर राहू द्या, आणि कापताना किंवा जागा ठरवताना तो भाग मागे वळवा.

९. वाळवणे आणि इस्त्री

जाळीसकट उचललेले कापड टॉवेलांवर ठेवा, वर दुसरे टॉवेल पसरून हाताने दाबा. आपल्या गावचे जाड टर्किश टॉवेल या कामाला उत्तम. फक्त पांढरे किंवा रंग न जाणारे वापरा. मग कोरड्या पांढऱ्या चादरीवर सावलीत सपाट पसरा, काठ सरळ करा, नक्षीच्या रेषा हलक्या हाताने जुळवा. दोरीवर टाकू नका. एप्रिल-मेचे ऊन चाळिशीच्या पुढे जाते आणि रंग एका दुपारीत ओढून घेते. पावसाळ्यात जाड कापड लवकर सुकत नाही आणि बुरशी धरते. दिवाळीनंतरचे कोरडे, सौम्य दिवस या कामासाठी सर्वांत चांगले. काठ नीट जुळवून वाळवलेल्या कापडाला इस्त्री लागत नाही. लागलीच तर उलट बाजूने, मध्ये पांढरे फडके ठेवून, कमी उष्णतेवर करा.

१०. दुरुस्ती

दुरुस्तीचा नियम असा आहे की दोरा कापडापेक्षा कमजोर असावा. ताण आला तर दोरा तुटावा, कापड तुटू नये. पॉलिस्टरचा दोरा टिकाऊ म्हणून वापरतात, पण तो जुन्या सुतात सुरीसारखा शिरतो. बारीक सुती दोरा घ्या.

विरलेल्या जागेखाली, तिच्यापेक्षा सर्व बाजूंनी दोन इंच मोठा असा धुतलेला मांजरपाट ठेवा आणि शक्य असल्यास तो कापडाच्या रंगाचा रंगवून घ्या. उभ्या-आडव्या धाग्यांची दिशा दोन्ही कापडांत एकच राहील असे जुळवा. मग सुट्या धाग्यांवरून एक लांब टाका टाकून, त्या टाक्याला थोड्या थोड्या अंतरावर आडव्या बारीक टाक्यांनी मांजरपाटाला बांधत जा. टाके ओढून घट्ट करू नका. सुई धाग्यांच्या मधून जावी, धागा भेदून नव्हे.

नक्षीत भोक पडले असेल तर रफू करणाऱ्या कारागिराकडे जा आणि जाताना त्याच कापडाच्या दाबातून काढलेले धागे किंवा विणकराकडून मिळालेले सूत घेऊन जा. रंग दिवसाच्या उजेडात जुळवा. नेमका मिळत नसेल तर एक छटा फिका चालेल, गडद नको, कारण गडद टाका लांबूनही दिसतो.

चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. इस्त्रीने चिकटणारी अस्तरे आणि पांढरा गोंद काही वर्षांत कडक व पिवळे होतात, धाग्यातून निघत नाहीत आणि त्यानंतर कोणताही कारागीर त्या कापडाला हात लावू शकत नाही.

११. जागा ठरवणे आणि कापणे

ताण सोसणारे, घडीवर न तुटणारे कापड बैठकीला घ्या. मध्यम ताकदीचे खुर्चीच्या पाठीला, लोडाला, पाहुण्यांच्या खोलीतल्या उशीला चालते. विरलेले पण देखणे कापड भिंतीवर किंवा काचेच्या चौकटीत ठेवा. अखंड चादर दिवाणावर अखंड पसरता येत असेल तर ती कापू नका, असे मी आवर्जून सांगेन. एकदा कापलेला काठ पुन्हा जोडला जात नाही, आणि दिवाणाचे आच्छादन उद्या कंटाळा आल्यावर घडी घालून ठेवता येते.

कापायचेच असेल तर आधी हिशेब करा. जेवणाच्या खुर्चीची बैठक १८ इंच चौरस, गादीची जाडी दोन इंच आणि खाली वळवायला दोन इंच धरले तर प्रत्येक बैठकीला २६ इंच चौरस तुकडा लागतो. ६० बाय ९० इंचांच्या चादरीतून असे सहा तुकडे निघतात. मात्र मोर किंवा फूल प्रत्येक बैठकीच्या मधोमध यायला हवे असेल तर चारांवर समाधान मानावे लागते. कागदाचा २६ इंचांचा चौकोन कापून चादरीवर सरकवत पाहा आणि नक्षी बसल्याची खात्री झाल्यावरच खडूने रेघ ओढा. कापलेल्या कडेला लगेच शिवण घाला. जेकार्डची वीण कडेने भराभर उसवते.

१२. खुर्चीवर बसवणे

जुने कापड उतरवताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढा आणि तुकडे टाकू नका; नव्या कापणीचे माप तेच आहेत. उतरवताना खालचे अस्तर, मग बाहेरची पाठ, मग हात, शेवटी बैठक, असा क्रम असतो. चढवताना तो उलटा करायचा. आतला काथ्या आणि कापूस धूळ सोडतो, मास्क बांधा. नवारीच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर त्या आताच बदला, कारण खाली झोळ राहिला की वरच्या कापडावर सगळा भार येतो. कापूस गादीवाल्याकडून पिंजून घेतला तर पुन्हा वापरता येतो; भुगा झालेला फोम मात्र टाकून द्या.

लाकूड आणि जुने कापड एकमेकांना थेट लागू देऊ नका. सागवानी आणि शिसवी लाकडातले आम्ल व पॉलिश कापडाला पिवळे करते, तेव्हा मध्ये धुतलेल्या मांजरपाटाचा थर द्या. भरावावरही तसाच एक थर चढवा आणि बसण्याचा ताण त्यानेच घ्यावा इतका तो ताणून ठोका. वरचे जुने कापड केवळ सपाट बसेल एवढेच ओढा. लोखंडी चुका वापरू नका. स्टेनलेस स्टीलच्या पिना किंवा पितळी चुका घ्या. काम कारागिराकडून करून घेणार असाल तर या अटी सुरुवातीलाच सांगा आणि पहिल्या खुर्चीच्या वेळी स्वतः शेजारी उभे राहा, कारण नव्या कापडाला जितके ओढायची हाताला सवय असते तितके जुने कापड सोसत नाही.

भिंतीवर लावायचे चित्र कोपऱ्यांना खिळे मारून टांगू नये. वरच्या कडेला मागून चार इंच रुंद मांजरपाटाची नळी हाताने शिवा, त्यातून पॉलिश केलेली काठी ओवा आणि काठीची टोके टांगा, म्हणजे वजन पूर्ण रुंदीवर विभागले जाते. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा.

१३. नंतरची निगा

बसवलेल्या कापडावर महिन्यातून एकदा जाळी ठेवून व्हॅक्यूम फिरवा. काही सांडले तर कोरड्या पांढऱ्या फडक्याने टिपा, पुसू नका. उशांना चेन लावून खोळ करा, म्हणजे ती काढून सावलीत वारा देता येतो.

वापरात नसलेले कापड घडी घालून ठेवू नका. मांजरपाट गुंडाळलेल्या रुंद नळीवर, नक्षीची बाजू बाहेर ठेवून, सैल गुंडाळा आणि वरून पुन्हा सुती कापड लपेटा. पॉलिथिनमध्ये कायमचे बंद करू नका; आत ओल साठते. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवता येतील, फक्त पुरचुंडी कापडाला टेकू नये. डांबरगोळ्यांची वाफ श्वासाला चांगली नाही, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, म्हणून मी त्या वापरत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, सगळे कापड उलगडून भिंगाखाली पाहा, दिसलेली प्रत्येक नवी खूण वहीत तारखेसह नोंदवा आणि गुंडाळी पुन्हा घालताना ती दुसऱ्या टोकापासून सुरू करा.